पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर वारंवार सुटणारी खाज : कारण कसे शोधावे, काय करावे

खाज सुटली म्हणजे जखम भरून येत आहे, असे आपल्याकडे सगळेच सांगतात, आणि ते खोटे नाही. परंतु माझ्या आईच्या दोन्ही वरच्या पापण्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर याच एका वाक्यावर विसंबून आम्ही तिला पाच दिवस खाज सोसायला लावली. पुढे नीट पाहिले तेव्हा कळले की तिच्या खाजेची कारणे एक नव्हे, चार होती; जखम भरणे हे त्यांतले सर्वांत निरुपद्रवी कारण होते आणि उरलेली तिन्ही दूर करता येण्यासारखी होती. मी डॉक्टर नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलेले आणि आम्ही घरी अनुभवलेले एवढेच येथे लिहीत आहे, कारण हा त्रास एकदा थांबून पुन्हा पुन्हा उलटतो आणि तेव्हा घरच्यांना नेमके काय पाहावे हेच सुचत नाही.

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. आईचे वय ६८ आहे. वय वाढते तशी पापणी उचलणाऱ्या स्नायूची पकड सैल होऊन पापणी बाहुलीवर उतरते; या विकाराला टोसिस म्हणतात. त्यातच वरची जादा त्वचाही ओघळल्यामुळे आई वर्तमानपत्र हनुवटी वर करून, कपाळाला आठ्या घालून वाचत असे. स्नायू घट्ट करणे आणि जादा त्वचा काढणे, म्हणजे ब्लेफरोप्लास्टी, ही दोन्ही कामे पापण्या बधिर करून एकाच वेळी झाली आणि संध्याकाळी ती घरी आली. पहिले तीन-चार दिवस सूज आणि काळेनिळेपणा यांतच गेले. पाचव्या दिवशी खाज सुरू झाली. आठव्या दिवशी टाके काढले, तेव्हा आता ती थांबेल असे वाटले होते. पण उलट वाढली.

आधी धोका नाही याची खात्री

कारणे शोधत बसण्यापूर्वी, समोर दिसते आहे ती खरोखर खाजच आहे ना, हे पाहिले पाहिजे. डोळ्यात किंवा डोळ्यामागे अचानक कळ येणे, पापणी दगडासारखी टणक होऊन डोळा बाहेर आल्यासारखा दिसणे, दृष्टी मंदावणे किंवा एकाचे दोन दिसू लागणे, थोपवता न येणारे रक्त वाहणे, यांपैकी काहीही झाले तर ते डोळ्यामागे रक्त साचल्याचे लक्षण असू शकते. असे क्वचितच घडते आणि घडलेच तर बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत. मात्र तेव्हा मिनिटे मोलाची असतात, म्हणून सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करून थेट रुग्णालय गाठावे, वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आम्ही डॉक्टरांचा रात्रीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवला होता, म्हणजे घरात बाबा एकटे असले तरी शोधाशोध होऊ नये.

जंतुसंसर्गाची चाल निराळी असते. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते आणि मग रोज थोडी ओसरते. ती ओसरू लागल्यावर पुन्हा वाढली, जागा गरम लागली, ठणका सुरू झाला, पिवळसर पू आला किंवा ताप भरला, तर त्याला खाज समजून घरी उपचार करू नयेत. तिसरी गोष्ट टोचण्याची. प्रत्येक वेळी पापणी मिटताना एकाच ठिकाणी काही खुपत असेल, उजेड सहन होत नसेल आणि तो डोळा सारखा पाझरत असेल, तर एखाद्या टाक्याचे टोक बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला घासत असण्याची शक्यता असते. याला घरात उपाय नाही. त्याच दिवशी तपासून घ्यावे. आईला यातले काही नव्हते. ती ‘दुखते’ असे एकदाही म्हणाली नाही, ‘चोळावेसे वाटते’ एवढेच म्हणत राहिली, आणि डॉक्टरांच्या मते हा फरक रुग्णाच्याच तोंडून ऐकणे फार उपयोगाचे असते.

खाज केव्हा येते ते लिहून ठेवणे

नवव्या दिवशी मी धीर सोडला आणि औषधाच्या दुकानात जाऊन ‘डोळ्यांना खाज येते’ एवढेच सांगून थेंबांची बाटली घेऊन आले. घरी येऊन वेष्टन वाचले तर त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होते. मी डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्यांनी ती बाटली उघडू नका असे सांगितले आणि रागावण्याऐवजी एकच प्रश्न विचारला, ‘‘खाज दिवसाच्या कोणत्या वेळी येते?’’ मला उत्तर देता आले नाही. आईलाही नाही. ‘‘अगं, सारखीच येते की,’’ ती म्हणाली. पण सारखी येणारी खाजही दिवसभर एकसारखी नसते, हे त्यानंतरच्या आठ दिवसांत कळले.

दहाव्या दिवसापासून मी एका वहीत चार गोष्टी टिपू लागले: खाज आल्याची वेळ, कोणता डोळा, नेमकी जागा कोणती, आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात काय केले. जागा विचारताना बोटाने दाखवायला सांगू नये, बोट तिथे गेले की चोळले जाते. ‘शिवणीवर, पापणीच्या केसांपाशी, नाकाकडच्या कोपऱ्यात की आत डोळ्यात’ असे विचारावे. हे टिपण करताना दुसरे काहीही बदलायचे नाही, असा नियम केला. एकाच दिवशी मलम बंद केले, पंखा कमी केला आणि नवे थेंब सुरू केले, तर आराम कशाने पडला हे कधीच कळत नाही, आणि आठवड्याने खाज परत आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आठ दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्या तेव्हा तीन ठिकाणी गर्दी दिसली. रोज पहाटे जाग येताच. मलम लावल्यानंतर तासाभराच्या आत. आणि दोन्ही गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमारास. शिवणीच्या रेषेवरची बारीक, येते-जाते अशी खाज या तिन्हींच्या अधूनमधून विखुरलेली होती. जखम भरण्याची खाज ती तेवढीच.

पहाटेची खाज : रात्रभर उघडी राहणारी फट

पापणी वर उचलल्यानंतर काही दिवस, कधी काही आठवडे, झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही. सूज आणि ताठरपणा असेपर्यंत हे अपेक्षितच असते, पण त्या बारीक फटीतून रात्रभर अश्रूंचा थर वाळत राहतो आणि सकाळी डोळा खरखरीत, चुरचुरणारा आणि खाजरा होतो. हे ओळखण्याची रीत सोपी आहे. माणूस गाढ झोपल्यावर दुसऱ्याने मंद उजेडात, चेहऱ्यावर झोत न टाकता, पायाकडून पाहावे. पापण्यांमध्ये पांढरी रेघ दिसते का एवढेच पाहायचे. आमच्याकडे हे काम बाबांनी केले. त्यांनी रात्री दोन वाजता पाहून सकाळी सांगितले की उजवा डोळा मिटलेला होता, डाव्यात तांदळाच्या दाण्याएवढी फट होती. वहीतही पहाटेची खाज डाव्या डोळ्याची अधिक होती.

त्यात भर घातली होती छताच्या पंख्याने. मार्गशीर्षातली थंडी ठाण्यात बेताची असते, रात्री डास असतातच, म्हणून पंखा आमच्याकडे बाराही महिने चालतो आणि आईचा पलंग बरोबर त्याच्या खाली होता. आम्ही पलंग भिंतीकडे सरकवला, मच्छरदाणी लावली आणि पंखा एकवर आणला. डॉक्टरांनी झोपण्यापूर्वी घट्ट जेलसारखे कृत्रिम अश्रू आणि दिवसा ओलावा देणारे कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजचे थेंब दिले, तेही परिरक्षक (औषध टिकवणारे रसायन) नसलेले, एकदा वापरून टाकायच्या लहान कुप्यांमधले. बाटलीतल्या थेंबांत बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचे परिरक्षक असते. दिवसातून एक-दोनदा घातले तर ते सहसा बाधत नाही, परंतु चार-सहा वेळा घालावे लागले की त्यानेच डोळ्यांची आग होऊ लागते. ‘थेंब घातले की आणखी चुरचुरते’ अशी तक्रार असेल तर आधी बाटलीवरची घटकांची यादी वाचावी.

येथेच आमची आणखी एक चूक उघड झाली. खाज म्हणजे ॲलर्जी असे धरून मी आईला तीन रात्री सर्दीची गोळी दिली होती. अशा गोळ्यांमधील क्लोरफेनिरामिनसारख्या औषधाने गुंगी येते आणि तोंड, नाक, डोळे सगळेच कोरडे पडतात. म्हणजे ज्या डोळ्यांना ओलावा कमी पडत होता त्यांचाच ओलावा मी आणखी कमी करत होते. प्रोस्टेटची वाढ किंवा विशिष्ट प्रकारचा काचबिंदू असलेल्या ज्येष्ठांना तर या गोळ्या धोक्याच्याही ठरू शकतात. त्या विचारल्याशिवाय देऊ नयेत.

कोरडेपणाचे दुसरे रूप संध्याकाळी दिसते. आपण साधारण मिनिटाला पंधराच्या आसपास वेळा पापणी मिटतो. मोबाइल किंवा संगणकाकडे पाहताना हे प्रमाण बरेच घटते. नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे, घणसोलीच्या वातानुकूलित कार्यालयांत परत रुजू होणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो, म्हणून एसीचा झोत तोंडावर येईल अशी जागा टाळावी आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये दारात किंवा खिडकीशी वाऱ्यासमोर बसू नये. रिक्षाने जाताना साधा पारदर्शक चष्मा घातला तरी वारा आणि धूळ पुष्कळ अडते. आईला तपासणीसाठी घोडबंदर रस्त्याने न्यावे लागत असे आणि मेट्रोच्या कामामुळे तिथे उडणारी धूळ ठाणेकरांना सांगायला नको. पहिल्या खेपेला आम्ही चष्म्याशिवाय गेलो, ती परत येईपर्यंत डोळे मिटूनच बसली होती.

मलमानंतरची खाज

हे कारण ओळखायला सर्वांत अवघड गेले, कारण जे औषध जखम जपण्यासाठी दिले आहे तेच त्रास देत असेल असे मनात येत नाही. पापणीची त्वचा शरीरातल्या सर्वांत पातळ त्वचांपैकी एक आहे, त्यामुळे तिला लावलेला पदार्थ लवकर आत शिरतो आणि खटकला तर लवकर दाखवतो. प्रतिजैविक मलमांपैकी निओमायसिन हे त्वचेच्या ॲलर्जीसाठी प्रसिद्ध आहे आणि आपल्याकडे कापले-भाजले की घरोघरी लावल्या जाणाऱ्या मलमांत ते पुष्कळदा असते. पूर्वी कधी ते लावून शरीर त्याला ‘ओळखू’ लागले असेल, तर पुन्हा लावल्यावर एक ते तीन दिवसांत पुरळ व खाज येते. पहिलीच वेळ असेल तर आठवडाभरही लागू शकतो. म्हणून पहिले सहा-सात दिवस मलम मानवले, यावरून ते निर्दोष आहे असे समजू नये.

खूण अशी, की लाली शिवणीपुरती न राहता जिथे जिथे मलम पसरते तिथे तिथे पसरते, त्वचा कोरडी, बारीक खवलेदार होते आणि खाज दुखण्यापेक्षा कितीतरी जास्त असते. आईच्या पापणीखाली, जिथे शस्त्रक्रिया झालेलीच नव्हती, तिथेही लाल पट्टा उठला होता. मी दिवसाच्या उजेडात, एकाच खिडकीपाशी, तीन दिवस छायाचित्रे काढून डॉक्टरांना पाठवली, त्यांनी बोलावून तपासले आणि मलम बदलून साधे, औषध नसलेले मलम दिले. चौथ्या दिवशी लाली बरीच उतरली. चिकटपट्टीचीही अशीच ॲलर्जी येते. तिथे लालीचा आकार पट्टीसारखा चौकोनी दिसतो, म्हणून ती ओळखणे सोपे जाते.

संशय आला म्हणून मलम स्वतःहून बंद करू नये, हेही तितक्याच आग्रहाने सांगते. ते जंतुसंसर्ग टाळण्यासाठी असते आणि त्याऐवजी काय लावायचे हे डॉक्टरच सांगू शकतात. स्टेरॉइडचे तर दोन्हीकडून जपावे लागते. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनोल यांपैकी कोणतेही नाव वेष्टनावर असेल तर ते औषध फक्त चिठ्ठीवर, सांगितले तेवढेच दिवस वापरायचे. खाज त्याने झटकन थांबते, म्हणूनच मोह होतो. परंतु त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो, संसर्ग झाकला जाऊन बळावू शकतो आणि दीर्घकाळ वापरल्यास मोतीबिंदू होऊ शकतो. डॉक्टरांनी स्वतः दिले असेल तर मात्र ऐकीव भीतीने ते मध्येच सोडू नये.

गुरुवारच्या संध्याकाळी

मार्गशीर्षातल्या गुरुवारी आई महालक्ष्मीची पूजा मांडते. त्या वर्षी मांडणी मी केली, पण धूप-उदबत्तीपाशी पोथी वाचायला तीच बसली. दोन्ही गुरुवारी सातच्या नोंदी का आहेत हे वही वाचताना तिनेच ओळखले. पुढच्या गुरुवारी तुपाचे निरांजन तेवढे लावले, धूप लावला नाही, पोथी मी वाचली आणि ती दूर सोफ्यावर बसून ऐकत राहिली. त्या दिवशीची संध्याकाळ कोरी गेली. फोडणीचा ठसका, डासांची अगरबत्ती, दिवाळीतले फटाके यांचेही असेच. मिरच्या चिरलेल्या हाताने थेंब घालायला जाऊ नये हे वेगळे सांगायला नको, पण घाईत ते घडते.

खाजेची आणखी दोन कारणे आमच्याकडे नव्हती, तरी नोंदवते. पापणीच्या केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे आणि सकाळी चिकट चिपडे असतील तर तो पापणीच्या कडेचा जुना दाह, म्हणजे ब्लेफरायटिस, असू शकतो. एरवी त्यावर कोमट शेक देतात, पण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत डॉक्टरांच्या परवानगीशिवाय तो देऊ नये. आणि विरघळणारे टाके घातले असतील तर ते जाईपर्यंत काही आठवडे गाठींपाशी कंड येत राहतो. ते टोक ओढून काढू नये.

खाज सुटते त्या क्षणी

कारण सापडेपर्यंत हात आवरायचा कसा, हाच खरा प्रश्न असतो. चोळल्याने ताजी शिवण उसवू शकते, आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि टोसिसच्या शस्त्रक्रियेत स्नायूला घातलेला टाका सैल पडला तर पापणी पुन्हा उतरू शकते. आम्ही जुन्या सुती साडीचे तुकडे उकळून, वाळवून, उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवून, पिळून स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवत असू. खाज आली की एक घडी मिटलेल्या डोळ्यावर दाब न देता दहा मिनिटे ठेवायची आणि ती घडी पुन्हा वापरायची नाही. पहिल्या दोन दिवसांत सुजेसाठी गोठवलेल्या मटारची पिशवी रुमालात गुंडाळून ठेवली होती. तो पसरट थंडावा डोळ्याच्या आकाराला छान बसतो. बर्फ थेट लावू नये. शस्त्रक्रियेनंतर पापणीची संवेदना काही आठवडे बधिर असते, त्यामुळे गारठ्याने त्वचा पोळली तरी रुग्णाला कळत नाही. हीच संवेदना परत येऊ लागते तेव्हा मुंग्या आल्यासारखी खाज येते, आणि ती महिना-दीड महिना अधूनमधून राहिली तरी काळजी नसावी.

रात्री झोपेत हात जातो, त्यावर उपाय म्हणजे नखे कापणे, डॉक्टरांनी दिलेले डोळ्यावरचे प्लास्टिकचे कवच लावणे आणि सुती हातमोजे. उशा दोन घेऊन डोके उंच ठेवले की सकाळची सूजही कमी राहते. थेंब घालताना वरच्या पापणीला हात न लावता खालची पापणी किंचित ओढावी (खालच्या पापणीची शस्त्रक्रिया असेल तर तीही ओढू नये, पद्धत डॉक्टरांकडून शिकून घ्यावी), एकच थेंब घालावा, कारण डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही, आणि मग मिनिटभर डोळे मिटून बसावे. दोन औषधांत किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे व मलम सर्वांत शेवटी लावावे. मलम आधी लावले तर नंतरचे थेंब वरच्यावर ओघळून जातात.

गुलाबजल, मध, एरंडेल, तूप, हळद, त्रिफळ्याचे पाणी यांतले काही ना काही आम्हाला जवळजवळ प्रत्येक भेटायला आलेल्याने सुचवले. त्यांचा जिव्हाळा खरा होता, पण यांतली एकही गोष्ट निर्जंतुक नाही आणि उघड्या शिवणीपाशी ती जाऊ देऊ नये. केसांना तेलही तीन आठवडे लावले नाही, कारण ते रात्री उशीवरून डोळ्यात उतरते.

संक्रांतीपर्यंत आईची खाज शिवणीच्या रेषेवर, तीही चार दिवसांतून एखाद्या वेळी, एवढीच उरली होती. हळदीकुंकवाला जाताना तिला काजळ हवे होते. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण जुनी कांडी टाकून नवी घ्यायला सांगितले आणि सुरमा नको म्हणून बजावले, कारण काही सुरम्यांत शिसे असते. पहिल्या दिवशी तिने फक्त उजव्या डोळ्याला काजळ लावले आणि दोन दिवस वाट पाहिली. वहीत त्या दोन दिवसांच्या रकान्यात तिनेच तिच्या अक्षरात लिहिले आहे : ‘नाही’.